नोएलच्या खोलीतला मासा

४ मार्च, सोमवार

परमिट आलं. अकरा महिने, चार आराखडे आणि आर्किटेक्टच्या दारात माझे नऊ हेलपाटे. खोली खणायची माझ्याच घराखाली, माझ्याच दगडात, माझ्याच मुलासाठी, आणि परवानगी मागायची ती मुख्य बेटावरच्या अशा माणसाकडे, ज्यानं आमचं हे धाकटं बेट, गोझो, पाहिलं असेल ते फक्त पोहायला येताना.

आर्किटेक्ट म्हणाला, रोजचं काम लिहून ठेवा, पुढे वाद झाला तर उपयोगी पडतं. फेरीबोटीच्या डेकवर चौतीस वर्षं मी लोकांच्या गाड्या लावल्या. नोंदी ठेवायची मला सवय आहे. म्हणून ही वही.

तर नोंद अशी. आमचं घर उतारावर आहे. अंगणाच्या बाजूनं खडकात शिरायचं आणि घराखाली एक मोठी खोली आणि न्हाणीघर काढायचं. ही नोएलची खोली. नोएल आमचा एकुलता एक, वय अडतीस. चौदा वर्षांपूर्वी मेलबर्नला गेला, तिथल्याच केरीशी लग्न केलं, सात वर्षांची रूबी आहे. नाताळात मी फोनवर सांगितलं, "खोली काढतो. आता कायमचे या. सांता मारियाच्या सणाला इथं असा." तो म्हणाला, "पाहू, पप्पा."

मिकेलिना, म्हणजे माझी बायको, म्हणते, "तो 'पाहू' म्हणाला, 'येतो' नाही म्हणाला." बेचाळीस वर्षं संसार करून हिला कळलं नाही की आमच्या घराण्यात 'पाहू' म्हणजे 'हो'. लग्नाच्या वेळी मी तिच्या बापालाही पाहूच म्हणालो होतो.

सांता मारिया पंधरा ऑगस्टला. वेळ भरपूर आहे.

१२ मार्च

ग्राझ्यूनं खणायला सुरुवात केली. माणूस सत्तरीला आलाय, पण दगड त्याचं ऐकतो. आमचा हा पिवळा दगड मऊ असतो, करवत लावली की चीजसारखा कापला जातो. पहिल्याच दिवशी अडीच फूट आत.

अकरा वाजता भिंतीवरून चेन्सूचं डोकं वर आलं. चेन्सू शेजारी, एकटा राहतो, ससे पाळतो. त्याच्या खानदानाला गाव बोके म्हणतं आणि उगाच म्हणत नाही.

"विस्तिन, तुझ्या त्या यंत्रानं माझ्या सशिणी दचकतात. एक गाभण आहे."

"मग तिला कापूस दे कानात घालायला."

"सहा कान आहेत माझ्याकडे त्या पिंजऱ्यात."

"मग सहा बोळे घे."

असा शेजारी देव वैऱ्यालाही देऊ नये.

१९ मार्च

सान जुझेप्पच्या सणाची सुट्टी, काम बंद. सकाळी नोएलचा व्हिडिओ कॉल. मी त्याला खोलीची रुंदी सांगत होतो, तेवढ्यात मिकेलिना टॅबलेट घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. पाऊण तास. मी बाहेरून दोनदा विचारलं, खिडकी कुठल्या बाजूला हवी ते विचार त्याला. उत्तर नाही.

बाहेर आली आणि ओव्हन घासायला बसली. तो तिनं शनिवारीच घासला होता. म्हटलं, "काय म्हणाला?" म्हणाली, "बरे आहेत." म्हटलं, "खिडकीचं?" म्हणाली, "तुला हवी तिकडे कर."

पूर्वेला करतो. रूबीला शाळेत जाताना सकाळचं ऊन मिळेल.

२८ मार्च, गुरुवार

आज एक भानगड झाली.

साडेनऊला ग्राझ्यूची करवत थांबली. मी खाली गेलो तर तो टोपी काढून उभा, छातीवर क्रूस काढतोय. हातात दगडाची एक त्रिकोणी वस्तू, माझ्या पंज्याएवढी, राखाडी, तकतकीत, दोन्ही कडांना आरीसारखे बारीक दाते.

"सान पॉलची जीभ," तो म्हणाला. "एवढी मोठी मी जन्मात पाहिली नाही. माझी आजी अंगठ्याएवढी जीभ पाण्यात बुडवून ते पाणी आम्हाला पाजायची. सापाचं, विंचवाचं, कशाचंच विष चढायचं नाही."

मिकेलिना कॉफी घेऊन आली होती. ग्राझ्यूला चेव चढला. "सान पॉलनं या बेटावरच्या सापांचं विष काढून घेतलं, त्यांच्या जिभा दगडाच्या केल्या. पण एवढं विष गेलं कुठं, सिन्युरा? सगळं बायकांच्या जिभेत उतरलं म्हणतात."

"आणि उरलेला दगड पुरुषांच्या डोक्यात," ती म्हणाली आणि कप ठेवून तिथंच उभी राहिली.

मी शाळा शिकलोय. ती जीभबीभ नाही, जुन्या काळच्या राक्षसी शार्कचा दात आहे, हे मलाही ठाऊक आहे. तेवढ्यावर मिटलं असतं तर दात खिशात घातला असता. पण ग्राझ्यूनं मागच्या भिंतीवर पाणी मारलं आणि ओळीनं गोल चकत्या दिसायला लागल्या. बशीएवढ्या, एकीला एक लागून, अकरा. भिंतीतून आत कुठंतरी जाणाऱ्या.

असलं काही सापडलं की सरकारी खात्याला कळवावं लागतं. खातं आलं की काम थांबतं. काम थांबलं की ऑगस्ट गेला.

"ग्राझ्यू," मी म्हटलं, "तू काही पाहिलं नाहीस. सोमवारी इथून सरळ करवत फिरव."

तो टोपीशी चाळा करत म्हणाला, "सोमवारी बघू." मिकेलिना त्या चकत्यांवरून बोट फिरवत होती, जपमाळ ओढावी तसं.

१ एप्रिल

सकाळी आठला दारात हेल्मेट घातलेली पोरगी आणि दोन माणसं. मला वाटलं एप्रिलफूल. नव्हतं.

डॉक्टर रोमीना शिक्लुना, जीवाश्मांच्या खात्याची, वय तिशीचं, मुख्य बेटावरून पहिल्या फेरीनं आलेली. फेरीवर मी असतो तर तिची गाडी शेवटच्या रांगेत लावली असती. तिनं खाली जाऊन टॉर्च मारला, गुडघ्यांवर बसली आणि एकेक चकती मोजली. मग कागद काढला. काम बंद. पुढची सूचना मिळेपर्यंत.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"शुक्रवारी फोन आला होता. नाव सांगितलं नाही. बाईचा आवाज होता."

बाईचा आवाज! मला एका क्षणात उलगडा झाला. भिंतीपलीकडे कोण आहे? गुरुवारी कोण कान लावून बसलं होतं? शिंक्याचं तुटलं नि बोक्याचं फावलं. आणि आवाजाचं म्हणाल तर १९७१ साली पॅरिशच्या हॉलमधल्या नाटकात या बोक्यानं संत आगाथाचं काम केलं होतं, अख्खं गाव रडलं होतं. बायकी आवाज काढणं त्याच्या डाव्या हातचा मळ.

मिकेलिनाला सांगितलं तर ती म्हणाली, "चेन्सू? छे." भोळी आहे.

९ एप्रिल

काही नाही. रोमीना दाताच्या डॉक्टरची हत्यारं घेऊन बसते आणि दिवसाकाठी तळहाताएवढा दगड मोकळा करते. मी सबंध दिवस पायरीवर बसून पाहिलं. रंग वाळताना बघणं यापेक्षा बरं.

११ एप्रिल

काही नाही.

१५ एप्रिल

आज विचारलं, "एवढा मोठा मासा, तर बाकीची हाडं कुठं आहेत?"

"त्याला हाडं नव्हतीच, सूर विस्तिन." मला ती मानानं 'सूर' म्हणते. तिनं स्वतःच्या कानाची पाळी वाकवून दाखवली. "सगळा सांगाडा असा, कुर्चेचा. मेल्यावर कुजून जातो. दात तेवढे मागं राहतात, कारण ते आयुष्यभर पडत असतात, हजारोंनी. या चकत्या, म्हणजे मणके, सहसा राहत नाहीत. तुमच्याकडे ओळीनं राहिलेत."

"माझं नशीब."

"तुमचं नशीबच," ती म्हणाली. तिला टोमणा कळत नाही की कळून ती दुर्लक्ष करते, हे अजून ठरायचंय.

लांबी म्हणे बारा-तेरा मीटर. म्हणजे डेकवर तीन गाड्या एकामागे एक. आणि हे अंगण, हे घर, चेन्सूचे पिंजरे, चर्चचा घुमट, सगळं तेव्हा समुद्राच्या तळाचा चिखल होतं. वर दीडशे-दोनशे मीटर कोमट पाणी. त्यात देवमासे, कासवं, समुद्रगायी. डोळ्यांना न दिसणारे बारके जीव मरून त्यांचे शिंपले वरून सतत खाली पडत राहायचे, पीठ चाळावं तसे, लाखो वर्षं. त्याचा हा दगड झाला. तोच कापून आम्ही घरं बांधली. "तुमच्या भिंती म्हणजे समुद्राचा तळच उभा केलाय," ती म्हणाली.

कालच मी त्या भिंतीला ओल येते म्हणून गवंड्याला शिव्या दिल्या होत्या.

तिनं एका मणक्यावरची कडी मोजून दाखवली. वर्षाला एक. छत्तीस.

"नोएलपेक्षा दोन वर्षांनी लहान," मिकेलिना म्हणाली. हिचं डोकं कुठं चालतं कळत नाही.

२४ एप्रिल, बुधवार

ईस्टर झालं. मिकेलिनानं बदामाची फिगोल्ला, म्हणजे आमचा ईस्टरचा साच्यात कापलेला केक, उरवून ठेवली होती, ती रोमीनासाठी. मला एक तुकडा, तिला अख्खा मासा. होय, या वर्षी हिनं फिगोल्ला माशाच्या आकाराची केली. चाळीस वर्षं कोकरू करत होती.

दुपारचं जेवणही ती पोरगी आता आमच्याकडेच जेवते. मी विचारलं, अजून किती दिवस? ती म्हणाली, तीन आठवडे. मिकेलिना लगेच, "घाई करू नकोस गं. नीट कर. आम्हाला कुठं जायचंय?"

मी चमचा आपटला. आम्हाला नाही, पण कुणाला तरी यायचंय!

मग मिकेलिनानं विचारलं, "यांची पिल्लं आईजवळ राहायची का?"

"नाही, सिन्युरा. जन्मतःच माणसापेक्षा मोठी असायची. पहिल्या दिवसापासून एकटी. लहानपणी किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात राहत, तिथं खायला भरपूर आणि भीती कमी. मोठी झाली की खुल्या समुद्रात."

"आणि परत?"

"काही येत असतील. कोण सांगणार? दातांशिवाय काही मागं राहत नाही."

यावर मिकेलिनाला हसू आलं. असं हसू की तिला उठून नळावर तोंड धुवावं लागलं. यात हसण्यासारखं काय होतं, मला विचाराल तर काहीच नाही. भिकार मासा आहे.

३ मे

बँड क्लबमध्ये चेन्सूला गाठला. चार लोकांसमोर विचारलं, "फोन करताना संत आगाथा आठवली का रे?"

"कसला फोन?"

"तुझ्या जिभेला हाड नाही."

"विस्तिन, तुझी खोली लवकर व्हावी असं या गावात कुणाला वाटत असेल तर ते मला. आवाज थांबेल. माझी सशीण बाळंत झाली, दोनच पिल्लं." मग ग्लास खाली ठेवून हळू म्हणाला, "आधी घरात विचार."

घरात विचार म्हणे! माझ्या घरात कोण आहे? मी आणि मिकेलिना. ग्राझ्यूला मी दुसऱ्याच दिवशी बायबलवर हात ठेवायला लावला होता. चोर तो चोर, वर शिरजोर. आजपासून बोलणं बंद. त्याच्या बाजूची अंजिराची फांदीही छाटली.

१३ मे

नोएलचा कॉल. एकदाही खोलीचं विचारलं नाही, सारखं माशाचंच. रूबीला दात दाखव, मणके दाखव. रूबीनं कागदावर मासा काढला होता, पोटात आमचं घर. मी म्हटलं, "तिकिटं आताच काढ, ऑगस्टमध्ये भाव चढतात." तो म्हणाला, "हां पप्पा, ते काय आहे की—" आणि लाइन तुटली.

पुन्हा लावला. म्हटलं, "तिकिटं." पुन्हा तुटली. ऑस्ट्रेलियासारख्या देशात इंटरनेटची ही तऱ्हा. आमच्या गोझोत बरं आहे.

मिकेलिना म्हणाली, "आज नको लावूस आता." तिनं टॅबलेटवर तिचा विणलेला रुमाल टाकला, पिंजऱ्यावर टाकतात तसा.

२० मे

तीन आठवडे कधीच संपले. आता म्हणे आणखी दोन. सत्त्याऐंशी दिवस उरलेत ऑगस्टच्या सणाला. फरशी, प्लास्टर, नळ, वीज. मी रोज सकाळी खाली जातो, टेप लावतो, जिथं पलंग येणार तिथं खडूनं रेघ मारतो. संध्याकाळी रोमीनाची माणसं त्यावर धूळ पाडून जातात. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मारतो.

२७ मे, सोमवार

हे नीट लिहायला हवं. जसं झालं तसं.

दुपारी रोमीना पायरीवर ब्रश धूत होती. मी सहज म्हटलं, तो फोन करणारा बोका माझा शेजारी आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला? ती म्हणाली, "नाही हो, बाईच होती. मीच घेतला होता फोन. वयस्कर. मला तर ऐकून माझी आजी आठवली. पत्ता सांगताना ती 'त्रीक' म्हणाली, खणखणीत 'क'. माझी आजी शेउकियाची, तीही अशीच म्हणायची."

वाचणाऱ्याला सांगतो, म्हणजे मलाच सांगतो, दुसरं कोण वाचणार. रस्त्याला आम्ही 'त्री' म्हणतो आणि शेवटचं अक्षर घशात गिळतो. शेउकियाचे लोक गिळत नाहीत. मिकेलिनाचं माहेर शेउकिया. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या बहिणींनी या 'त्रीक'वरून तिला इतकं छळलं की वर्षभर ती कुणाला पत्ताच सांगत नसे.

आणि मला काय वाटलं? मला वाटलं, या बोक्याची हिंमत तर पाहा! संत आगाथा पुरली नाही, आता माझ्या बायकोची नक्कल करतो! तिचा 'क' काढून दाखवतो सरकारी खात्याला! मी तसाच जिना चढून वर गेलो. मिकेलिना वाटाणे सोलत होती.

"माझा कोट दे. पोलीस ठाण्यात जातो. बोक्यानं तुझा आवाज काढून फोन केला. तुझा 'क' सुद्धा काढला, मेल्यानं."

तिनं हातातली शेंग सोलून पूर्ण केली. वाटाणे भांड्यात टाकले.

"विस्तिन, बस."

"मला बसायला वेळ नाही."

"तो चेन्सू नव्हता. मी केला होता फोन."

मी बसलो.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण ते मागाहून सुचलं. तेव्हा मी फक्त एवढंच विचारलं, "का?"

"नोएल येणार नाही. फेब्रुवारीत त्यांनी तिकडे घर घेतलं. सान जुझेप्पला मला सांगितलं त्यानं. मी म्हटलं, पप्पांना तू सांग. तो म्हणाला, मा, तू सांग, माझ्याच्यानं होणार नाही. मग मी म्हटलं, रात्री सांगते, उद्या सांगते." ती टेबलाकडे बघून बोलत होती. "तू रोज सकाळी शीळ घालत खाली जायचास. चौदा वर्षांत मी तुझी शीळ ऐकली नव्हती. खोली पूर्ण झाली असती की तू त्याला तारीख विचारली असतीस. मग तो मासा निघाला. मला वाटलं, महिना-दोन महिने मिळतील."

"महिना-दोन महिने कशाला?"

"तुला खूश बघायला. दुसरं कशाला?"

मी म्हटलं, "तू मला मूर्ख बनवलंस. दोन महिने. त्या परक्या पोरीसमोर, गावासमोर. चेन्सूला ठाऊक होतं?"

"मासा निघाला त्या गुरुवारी मी भिंतीशी रडत होते. त्यानं पाहिलं."

म्हणजे बोक्याला ठाऊक, ऑस्ट्रेलियाला ठाऊक, फक्त मी पलंगाची रेघ मारत होतो.

मी काहीतरी बोललो, ते इथं लिहीत नाही. तिनं ऐकून घेतलं. मग मी फिरायला गेलो, बंदरापर्यंत, आणि तीन फेऱ्या भरून जाताना पाहिल्या. गाड्या वाकड्या लावत होते. आता कुणालाच काही येत नाही.

मला राग आला होता, तो अजून आहे. पण रागाखाली जे आहे ते रागापेक्षा वाईट आहे. तो येणार नाही. अडतीस वर्षांचा माझा मुलगा, आणि मला हे सांगायला त्याला भीती वाटली. मी काय एवढा ओरडतो?

२८ मे

बोललो नाही.

२९ मे

ओरडतो.

३१ मे, शुक्रवार

मीच नोएलला फोन लावला. साधा, चेहरा न दिसणारा.

"मा बोलली तुमच्याशी," तो म्हणाला. तेच आधी.

"बोलली."

"पप्पा, मी 'पाहू' म्हणालो होतो."

"हो. म्हणाला होतास."

या वेळी लाइन तुटली नाही. मग मी विचारलं, घर कसं आहे. तीन खोल्या, मागं लिंबाचं झाड, छत पत्र्याचं. म्हटलं, पावसाळ्याआधी पत्र्याचे सांधे बघून घे, एजंट सांगत नाहीत. तो "हो" म्हणाला. मग त्याला रडू फुटलं आणि मला काय करावं कळेना. मी सांध्यांचंच बोलत राहिलो. कुठलं सील वापरायचं, कडेला किती सोडायचं. तो रडत रडत "हो, हो" म्हणत होता. मिकेलिना दारात उभी होती. शेवटी तिनं माझ्या हातातून फोन घेतला नाही, नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

३ जून

चेन्सूकडे गेलो. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे आधी अंजिराच्या फांदीबद्दल बोललो. तो म्हणाला, फांदी येईल परत.

"आणि ते संत आगाथाचं—"

"ते माझ्या भावानं केलं होतं, विस्तिन. मी सैनिक होतो. मागच्या रांगेत, भाला घेऊन."

त्यानं एक ससा सोलून दिला. मी घेतला. मिकेलिनानं वाइनमध्ये शिजवला. मी आणि ती समोरासमोर बसून जेवलो.

१० जून, सोमवार

आज रोमीनानं शेवटचा ठोकळा प्लास्टरमध्ये गुंडाळला. एकूण एकोणीस मणके. माणसं ते बाहेर नेत होती आणि मी सवयीनं हातवारे करून गाडी मागं घ्यायला सांगत होतो.

"संपलं, सूर विस्तिन," ती म्हणाली. "ग्राझ्यूला उद्या बोलवा. सणाला दोन महिने आहेत, खोली सहज होईल. सुटले तुम्ही माझ्या कटकटीतून."

तिला कुणी सांगितलं नव्हतं. मिकेलिना खाली आली होती, तिनं तोंड फिरवलं.

मागच्या भिंतीत अजून एक चकती अर्धी दिसत होती. आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठी.

"आणि हा?" मी विचारलं.

"तो आत जातो. आपण शेपटीकडून आलो. डोक्याकडची बाजू तुमच्या स्वयंपाकघराखाली आहे. सहा-सात मीटर. कदाचित जबड्यातले दातही त्यांच्या जागी असतील. तसं मी कधी पाहिलेलं नाही." ती हातमोजे काढत म्हणाली, "पण त्यासाठी वरची फरशी, ओटा, सगळं काढावं लागेल. वर्ष जाईल, कदाचित दोन. राहत्या घरात आम्ही ते मागत नाही. बुजवून टाकते. त्याला काही घाई नाही."

"त्याचा कागद असतो का?"

"कसला?"

"घरमालकाची संमती वगैरे."

तिला कळेना मी चेष्टा करतोय की भांडतोय. तिचा दोष नाही, दोन महिने मी दुसरं काही केलंच नव्हतं. शेवटी तिनं गाडीतून कागद आणला. मी उभ्या उभ्याच वाचला. चष्मा वर राहिला होता, म्हणजे फारसा वाचला नाही. सही केली. तिनं कागद दोन्ही हातांनी धरला. गाडीकडे पळतच गेली.

मिकेलिना माझ्याकडे बघत होती. "आणि मी स्वयंपाक कुठं करू, दोन वर्षं?"

"इथं. नोएलच्या खोलीत."

ती सावकाश खोलीभर फिरली. खडूची रेघ तिच्या पायाखाली आली, तिनं खाली पाहिलं आणि पुढं गेली. पूर्वेच्या भिंतीशी थांबली, जिथं खिडकी येणार आहे.

"ओटा इथं," ती म्हणाली. "टेबल केवढं करशील?"

"दोघांचं."

"चौघांचं कर. ही पोरगी रोज जेवायला असणार. आणि चेन्सूनं त्या घरात एकट्यानं किती दिवस उभ्यानं जेवायचं?"

चौघांचं म्हणजे पाच फूट बाय तीन, खुर्च्या मागं सरकवायला वेगळी जागा. टेप घेऊन पुन्हा खाली गेलो होतो. मावतं.